खोलीत तिघं आणि एकाला ताप: ठाणे-नवी मुंबईत नव्याने राहायला आलेल्या विद्यार्थ्यांसाठी

जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेश होतात आणि सातारा, लातूर, रत्नागिरी, नंदुरबारकडची मुलंमुली नेरुळ, कोपरखैरणे, खारघरला किंवा ठाण्यात घोडबंदर रोडला बॅगा घेऊन उतरतात. फ्लूचा मोसमही नेमका हाच. आपल्याकडे फ्लूच्या साधारण दोन लाटा येतात, एक पावसाळ्यात आणि दुसरी जानेवारी ते मार्चच्या सुमारास. घर सोडून राहणाऱ्या पोराच्या वाट्याला पहिल्या वर्षातच या दोन्ही येतात.

धडधाकट तरुण माणसाचा फ्लू बहुतेक वेळा आठवड्याभरात बरा होतो. पहिल्या वर्षाच्या मुलांसोबत काम करताना मला दिसतं ते असं, की त्यांचे हाल आजाराने होतात त्याहून जास्त काहीच आधी ठरलेलं नसल्याने होतात. रात्री अकराला १०३ ताप, थर्मामीटर नाही, डॉक्टर माहीत नाही, रूममेटशी ओळख जेमतेम पंधरा दिवसांची. म्हणून हा लेख तापापासून नाही, तापाच्या आधीपासून सुरू होतो.

पहिली पायरी: अंगात ताप नसताना डॉक्टर शोधा

राहायला आल्याच्या पहिल्या आठवड्यात चालत जाता येईल असा एक जनरल फिजिशियन हेरून ठेवा. घरमालक, सोसायटीचा वॉचमन, कोपऱ्यावरचा मेडिकलवाला यांना विचारलं की दोन-तीन नावं कळतात. दवाखान्याच्या वेळा फोनमध्ये लिहून ठेवा. बरेच दवाखाने दुपारी बंद असतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात, रविवारी तर अनेक ठिकाणी कुलूपच असतं.

सोबत एक सरकारी किंवा पालिकेचं रुग्णालय माहीत असू द्या. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं सार्वजनिक रुग्णालय आहे, नेरुळला माँसाहेब मीनाताई ठाकरे रुग्णालय, ऐरोलीला राजमाता जिजाऊ रुग्णालय. ठाण्याच्या बाजूला असाल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. खारघर, कामोठे, कळंबोली हा भाग नवी मुंबई महापालिकेत येत नाही, तो पनवेल महापालिकेचा. तिथल्यांना पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय जवळ. साध्या तापासाठी एवढं लांब जायची गरज नसते. पालिकेची नागरी आरोग्य केंद्रं जवळपास असतात आणि तिथे केसपेपर काढून तपासून घेता येतं.

आता पत्त्याचं. नवी मुंबईत सेक्टर १० वाशीतही आहे, नेरुळमध्येही आहे आणि खारघरमध्येही. घाबरलेला रूममेट १०८ ला फोन करून नुसतं ‘सेक्टर १०’ म्हणाला तर रुग्णवाहिका भलतीकडे जाऊ शकते. म्हणून एका कागदावर नोडचं (म्हणजे वाशी, नेरुळ, खारघर अशा उपनगराचं) नाव, सेक्टर, प्लॉट नंबर, इमारत, मजला आणि जवळची खूण लिहा आणि तो कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. त्याच कागदावर खोलीतल्या प्रत्येकाच्या घरचा एक फोन नंबर, आणि कुणाला दमा, मधुमेह किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर तेही. हे सांगायला संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. पण तुम्हाला बोलताही येत नसेल तेव्हा डॉक्टरांना ही माहिती दुसरं कोण देणार?

दुसरी पायरी: खोलीत एक डबा

सगळ्यांनी वर्गणी काढून एक डबा भरा. त्यात डिजिटल थर्मामीटर, साध्या पॅरासिटामॉलची एक पट्टी, ओआरएसची चार-पाच पाकिटं, मास्क आणि जमलं तर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. काचेचं पाऱ्याचं थर्मामीटर नको, ते फुटलं की पारा खोलीभर होतो. पाणी गरम करायची सोय बघून ठेवा. अनेक पीजींमध्ये शेगडी चालत नाही पण इलेक्ट्रिक किटली चालते. मालकांना आधीच विचारा.

तिसरी पायरी: लस

फ्लूचे विषाणू रूप बदलत राहतात म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे ती पावसाळा सुरू होण्याआधी, एप्रिल-मेमध्ये घेतलेली उत्तम, कारण पुरतं संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. ऑगस्टमध्ये प्रवेश मिळाला आणि वेळ गेली असं वाटत असेल तरी घ्या. मोसम संपलेला नसतो आणि पुढे जानेवारीची लाट आहेच. ज्यांना दमा, मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, सिकलसेल आहे, किंवा स्टेरॉइडची औषधं सुरू आहेत, त्यांनी हे पुढे ढकलू नये, कारण फ्लू त्यांना जड जातो. खासगी दवाखान्यात लसीला हजार-दोन हजारांच्या आसपास खर्च येतो, दोन ठिकाणी विचारून घ्या. इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यामुळे फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते, इतकंच. अंगात ताप असेल त्या दिवशी मात्र लस नको.

ताप आला तो दिवस

सर्दी हळूहळू येते: आधी नाक, मग घसा, मग थोडी कणकण. फ्लू झडप घालतो. सकाळी प्रॅक्टिकलला ठणठणीत असलेली मुलगी संध्याकाळी ट्रान्स-हार्बरच्या गाडीतून उतरताना अंग मोडून आल्यासारखी होते. थंडी वाजून ताप, डोकं ठणकणं, पाठ-पाय दुखणं, कोरडा खोकला, घसा धरणं आणि असा थकवा की अंथरुणातून उठवत नाही. विषाणू शरीरात शिरल्यापासून त्रास सुरू व्हायला एक ते चार दिवस लागतात, बहुधा दोन. त्यामुळे ‘काल भिजलो म्हणून आला’ हा हिशेब सहसा चुकीचा असतो. पावसाने फ्लू होत नाही. पावसामुळे आपण खिडक्या लावून दाटीवाटीने बसतो, त्याने होतो.

त्या दिवशी एवढं करा. ताप मोजा आणि वेळेसह लिहून ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा पुरे. घरी फोन करा. आई काळजी करेल म्हणून लपवणारी मुलं खूप पाहिली आहेत, पण चौथ्या दिवशी एकदम ‘ॲडमिट आहे’ हे ऐकणं तिला फार जड जातं. वर्गातल्या कुणाला तरी कळवा आणि कॉलेजला जाऊ नका. लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून ते पुढे पाच-सात दिवस आजारी माणूस इतरांना संसर्ग देऊ शकतो, आणि सुरुवातीचे तीन-चार दिवस सगळ्यात जास्त.

मग झोप आणि पाणी. लघवीचा रंग गडद पिवळा झाला तर पाणी कमी पडतंय. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, ते अख्खं एका ग्लासात टाकायचं नाही. शहाळं, ताक, लिंबू सरबत, वरणाचं पाणी, काहीही चालतं. तोंडाला चव नसते तेव्हा मेतकूट-भात किंवा मुगाच्या डाळीची पातळ खिचडी जाते. डबा देणाऱ्या काकूंना फोन करून ‘मला ताप आहे, दोन दिवस मऊ भात द्याल का?’ एवढं विचारा. बहुतेक काकू नाही म्हणत नाहीत, उलट वर लिंबाचं लोणचं पाठवतात.

घशासाठी कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. खोकल्याला चमचाभर मध चालतो. आलं-तुळशीचा काढा प्यायला हरकत नाही, घशाला बरं वाटतं, पण त्याने विषाणू मरत नाही, त्यामुळे काढ्याच्या भरवशावर डॉक्टरकडे जाणं लांबवू नका. वाफ घेताना पलंगावर गरम पाण्याचं पातेलं कधीही ठेवू नका. अरुंद खोलीत ते कलंडलं की मांड्या भाजतात.

गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर

तापावर पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, पुढची किमान सहा तासांनी, आणि ६५० ची गोळी २४ तासांत चारपेक्षा जास्त नको. यकृताचा आजार असेल किंवा दारू पिणं होत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सर्दीच्या बऱ्याच तयार गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतंच. तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी असं समजून दोन्ही घेतल्या की डोस नकळत दुप्पट होतो आणि यकृतावर ताण येतो. पट्टीच्या मागे घटक छापलेले असतात, ते वाचा. सर्दीच्या गोळ्यांनी झोपही येते. ती घेऊन दुचाकी चालवू नका.

पावसाळ्यात अंगदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांतलं काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नका. ताप डेंग्यूचा निघाला तर या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन १८ वर्षांखालच्यांना तर विषाणूजन्य तापात देतच नाहीत, आणि अकरावी-बारावीची मुलं त्याच वयाची असतात.

अँटिबायोटिक. मेडिकलमध्ये ‘ताप आहे’ म्हटलं की तीन गोळ्यांचा ॲझिथ्रोमायसिनचा कोर्स हातात मिळण्याची सवय आपल्याकडे पडली आहे. मला या सवयीची खरोखर काळजी वाटते. अँटिबायोटिक जिवाणूंवर काम करतं, फ्लू विषाणूमुळे होतो. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं ते गोळीमुळे नाही, ताप उतरायची वेळच झाली होती म्हणून. आणि उद्या खराखुरा न्यूमोनिया झाला तर त्याच गोळ्या निकामी ठरू शकतात. डॉक्टरांनी तपासून दिलं तर पूर्ण घ्या, एरवी नको.

फ्लूवर विषाणूविरोधी औषध आहे: ऑसेल्टामिविर. मोठ्यांसाठी नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, आणि त्रास सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर उपयोग सर्वाधिक. ते सरसकट सगळ्यांना लागत नाही आणि चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. पण वर सांगितलेल्या दमा-मधुमेह-सिकलसेलवाल्यांनी ‘बघू दोन दिवस’ म्हणत हे ४८ तास घालवू नयेत. त्यांनी पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

हा फ्लूच आहे कशावरून?

ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळ्यात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप) याच महिन्यांत असतात आणि पहिल्या दिवशी सगळे सारखेच वाटतात. ‘व्हायरल आहे, सगळ्यांना आहे’ असं म्हणून सोडून देणं इथे महागात पडतं.

नाक गळतंय, घसा दुखतोय, खोकला आहे आणि वर्गात आणखी चौघं तसेच आहेत, तर फ्लूची शक्यता जास्त. खोकला-सर्दी काहीच नाही, डोळ्यांच्या मागे दुखतंय, अंगावर पुरळ आहे, मळमळतंय, तर डेंग्यूची शंका घ्या. डेंग्यूची एनएस-१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते, म्हणून वाट पाहू नका. डेंग्यूत धोका अनेकदा ताप उतरतानाच सुरू होतो: पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, उभं राहिल्यावर चक्कर. ताप गेला म्हणून आनंदाने कॉलेजला निघू नका, आधी ही लक्षणं नाहीत ना ते बघा. हुडहुडी भरून ताप, मग दरदरून घाम, मध्ये बरं आणि पुन्हा ताप असं चक्र असेल तर मलेरियासाठी रक्त तपासा. आणि तुंबलेल्या पाण्यातून चालत गेला असाल, त्यात पायाला जखम असेल, नंतर ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल, तर लेप्टोचं नाव डॉक्टरांना तुम्हीच सांगा. खरं तर अशा पाण्यातून चालल्यावर ताप यायची वाट न बघता ७२ तासांच्या आत आरोग्य केंद्रात जाऊन प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या का ते विचारायचं असतं.

माझा नियम साधा आहे: पावसाळ्यात ताप दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला की कारण कितीही उघड वाटलं तरी डॉक्टर आणि त्यांनी सांगितलेली रक्ततपासणी.

खोलीतले बाकीचे दोघं

पीजीत स्वतंत्र खोली कुणाला मिळणार? तरी बरंच करता येतं. आजारी माणसाचा पलंग खिडकीपाशी घ्या. पाऊस आत येतो म्हणून खिडकी घट्ट लावलेली असते, वर दोरीवर ओले कपडे, आणि एसी सुरू. ही हवा तशीच खोलीत फिरत राहते. खिडकी चार बोटं तरी उघडी ठेवा, एक्झॉस्ट असेल तर चालू ठेवा. पलंग जवळ असतील तर एकाचं डोकं ज्या बाजूला, त्या बाजूला दुसऱ्याचे पाय. आजारी माणसाने खोलीत कुणी असताना मास्क लावायचा, आणि डबा-पाणी द्यायला जवळ जाणाऱ्यानेही.

टॉवेल, पाण्याची बाटली, चमचा वेगळा. फ्लूचा विषाणू गुळगुळीत पृष्ठभागावर एक-दोन दिवस टिकू शकतो, म्हणून दाराची कडी, नळ, बटणं आणि मोबाइल पुसा. मोबाइल विशेष, कारण तापातही तो हातोहात फिरत असतो. हात साबणाने २० सेकंद. खोकताना तळहात नाही, कोपर.

काळजी घेणारा एकच ठरवा. दोघांनी आळीपाळीने उशापाशी बसण्यापेक्षा एकाने सगळं बघणं बरं, आणि ज्याला दमा आहे तो तरी नकोच. रात्री एकदा हाक मारून बघा, उत्तर नीट देतोय ना. बंद खोलीत एकटं पडलेल्याचा श्वास वाढलाय हे त्याला स्वतःला उशिरा कळतं.

दवाखान्यात, आणि ताबडतोब

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फ्लूच्या रुग्णांचे तीन गट करतात. साधा ताप-खोकला असणाऱ्यांना स्वाबची चाचणी लागत नाही, घरी आराम पुरतो. ताप जास्त असेल आणि घसा फार दुखत असेल, किंवा आधीचा जुना आजार असेल, तर डॉक्टर तपासून ऑसेल्टामिविरबाबत ठरवतात. चाचणी तेव्हाही बहुधा लागत नाही. तिसऱ्या गटाला रुग्णालयात दाखल करून चाचणी करतात. म्हणून ‘फ्लूची टेस्ट करून टाकू’ म्हणत स्वतःहून हजारो रुपये घालवू नका. कुणाला लागते ते डॉक्टर सांगतील.

तिसऱ्या गटाची लक्षणं प्रत्येक रूममेटला ठाऊक हवीत: बसल्या जागी धाप लागणं, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त, ओठ-नखं निळसर होणं, बरळणं किंवा जागं करूनही गुंगीत राहणं, पाणीही पोटात न टिकणं. यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. १०८ लावा किंवा रिक्षा करा. ऑक्सिमीटरवर शांत बसलेलं असताना ९४ पेक्षा कमी आकडा आला तरीही तेच. नेलपॉलिश असेल किंवा बोट गार असेल तर आकडा चुकतो, बोट चोळून, दुसरं बोट लावून पुन्हा बघा. फसवा प्रकार म्हणजे ताप उतरला, दोन दिवस बरं वाटलं, आणि मग पुन्हा ताप चढून पिवळा कफ पडू लागला. हा न्यूमोनिया असू शकतो, त्या दिवशीच दाखवा.

कॉलेजला परत

गोळी न घेता सलग २४ तास ताप नसेल तर जा. गोळी घेऊन ताप दाबून इंटर्नल द्यायला बसलेला विद्यार्थी पेपरही धड लिहीत नाही आणि अर्ध्या वर्गाला आजारी पाडतो. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, त्यामुळे डॉक्टरांकडून तारखांसह प्रमाणपत्र पहिल्याच भेटीत मागा आणि फोटो काढून वर्गशिक्षकांना त्याच दिवशी पाठवा. महिन्याने मागितलं तर डॉक्टरही देत नाहीत, आणि बरोबरच करतात.

खोकला आणि थकवा दोन आठवडे, कधी जास्तही रेंगाळतो. मास्क आणखी काही दिवस ठेवा. जिम, क्रिकेट, ढोल-ताशाचा सराव लगेच नको. तापाच्या आजारात क्वचित हृदयाच्या स्नायूंना सूज येते, आणि तेव्हा जोराचा व्यायाम धोक्याचा ठरतो. जिना चढून दम लागत नाही इतकं झालं की हळूहळू सुरू करा.

गणपतीचं वेगळं सांगायला हवं. तिकीट दोन महिने आधी काढलेलं असतं आणि नेमका आदल्या रात्री ताप येतो. त्या गाडीत बसू नका. आठ-दहा तासांच्या प्रवासात पाणी कमी पडतं, शेजारच्यांना संसर्ग होतो, आणि घरी ज्यांना आपण पहिला नमस्कार करतो त्या आजी-आजोबांनाच फ्लू सर्वांत जड जातो. लहान बाळ आणि गरोदर वहिनी-ताईंचंही तेच. ताप गेल्यावर दोन दिवसांनी पोहोचलात तर गौरी-विसर्जन तरी मिळेल. घरात वयस्कर किंवा आजारी कुणी असेल तर त्रास सुरू झाल्यापासून सात दिवस पूर्ण होईपर्यंत त्यांच्या खोलीत झोपू नका, आणि जवळ बसताना मास्क काढू नका.